बाळाचं वय आणि गटारीची तारीख

निकिताच्या पोटावर मी टेप ठेवली आणि आकडा जुळेना. काढली, पुन्हा ठेवली. बत्तीस सेंटिमीटर.

गरोदर बाईचं पोट आम्ही शिंप्यासारखं टेपने मोजतो. पाचव्या महिन्यानंतर जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर, इतकं ते सोपं आहे. दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतात. माझ्या मोजणीप्रमाणे निकिताचे अडतीस आठवडे झाले होते, म्हणजे दिवस जवळजवळ भरलेले. टेप सहाने मागे होती.

"बाळ बारीक हाय का, मॅडम?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हणाले. हा शब्द आम्ही डॉक्टर मंडळी फार वापरतो. 'मला माहीत नाही' असं पांढऱ्या कोटात म्हणता येत नाही, म्हणून.

निकिता पेणकरपाड्याची. वय चोवीस, तिसरं गरोदरपण, घरात मूल नाही. आधीची दोन्ही तिसऱ्या महिन्यात गेलेली. या खेपेला ती त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरची पायरी चढली होती, तीही पायावर सूज आली म्हणून. बरोबर सासू हिराबाई आणि नवरा रोशन. यांच्या आजोबांची मिठागरं आणि भातशेती होती. आता त्या जागेवर सात मजली सोसायटी आहे, रोशनचे दोन टेम्पो आहेत आणि गरोदरपणाबद्दलचा निर्णय मात्र अजून हिराबाईंच्या हातात आहे.

मी सव्वीस वर्षांपूर्वी दादरहून मीरा रोडला आले. सुरुवातीला स्वतःचं छोटं क्लिनिक होतं. गेली सात वर्षं मी एका हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट आहे. त्या हॉस्पिटलच्या लॉबीत एक धबधबा आहे. धबधब्याचा बाळंतपणाशी संबंध काय हे मी एकदा विचारलं होतं. 'वातावरणनिर्मिती' असं उत्तर मिळालं.

तर निकिताची हिस्टरी. हिस्टरी म्हणजे पेशंटला विचारायची सुरुवातीची प्रश्नावली.

"कितवा महिना?"

"आठवा," हिराबाई म्हणाल्या.

"शेवटची पाळी कुठल्या तारखेला आली होती?" गरोदरपण आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. तो दिवस कळला की बाळाचं वय कळतं, आणि बाळाचं वय कळलं की बाकी सगळं त्यावरून ठरतं.

"तारीख न्हाय सांगता येनार," निकिता म्हणाली.

अशा वेळी माझी एक जुनी युक्ती आहे. मी सण विचारते. आपल्याकडे बाईला पाळीची तारीख आठवत नाही, पण ऐन गौरीला देवघरात जाता आलं नाही किंवा नवरात्रात बाजूला बसावं लागलं, हे दहा वर्षांनीही आठवतं. प्रथा काही कौतुकाची नाही. माझ्या कामाला मात्र ती फार उपयोगी पडलेली आहे.

"कुठल्या सणाच्या आसपास आली होती का?"

"गटारीला," ती लगेच म्हणाली. "घरान पंचवीस मानसांचं मटन, नि मना चुलीजवल येऊ नको बोलले. लग्नानंतर पयल्यांदा गटारीला आयतं बसून खाल्लं."

श्रावणात मांस-मच्छी बंद, म्हणून त्याआधीच्या शेवटच्या दिवशी महिनाभराचं खाऊन घ्यायचं, ती गटारी. आमच्या घरी गटारी नव्हती. आमच्याकडे त्या दिवशी दिव्यांची अवस असते. पितळी दिवे घासून पाटावर मांडतात आणि कणकेचे गोड दिवे खातात. म्हणजे आषाढ संपतो ती अमावस्या. मी मोबाइलवर गेल्या वर्षीचं पंचांग उघडलं. अमावस्या जुलैच्या मध्यावर. तिथून मोजलं. अडतीस आठवडे.

"मावशी, नववा चालू आहे, आठवा नाही."

हिराबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुमी बोलता तर नववा," त्या म्हणाल्या.

आणि मी फॉर्मवर अडतीस लिहिलं. छापील चौकटीत एकदा आकडा बसला की त्याला फार मान मिळतो.

"इतके दिवस दाखवलं का नाही कुणाला?" मी विचारलं. रागावून नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. घर हॉस्पिटलपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, दारात दोन टेम्पो. अडचण अंतराची नव्हती आणि परिस्थितीचीही नव्हती.

हिराबाई म्हणाल्या, "पयल्या टायमाला दुसरे महिन्यात दाखवलं. सोनोग्राफी केली. आठ दिवसांत गेलं. दुसरे टायमाला परत दाखवलं. परत सोनोग्राफी. परत गेलं. आता तुमीच सांगा, मॅडम."

मी सांगितलं, की सोनोग्राफीत फक्त आवाजाच्या लहरी असतात, त्याने गर्भाला काही होत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बरेच गर्भ आपोआप पडतात आणि सोनोग्राफीही त्याच महिन्यांत होते, म्हणून दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ दिसतात. हिराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. दोनदा डोळ्यांनी पाहिलेलं एका बाईच्या सांगण्यावरून सोडून द्यायचं, हे मीही केलं नसतं.

"तेव्हाची फाइल आहे का?"

"ती खाडीत सोडली," रोशन म्हणाला. "घरात कशाला ठेवायची अशी वस्तू?"

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात. अकराच्या खाली आलं की आम्ही गरोदर बाईला ॲनिमिया म्हणतो, म्हणजे रक्तात लोह कमी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या घेतल्या असत्या तर हे बहुतेक निस्तरलं असतं. साडेसातवर बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी बाई धोक्यात येते.

मग सोनोग्राफी. हिराबाईंनी हरकत घेतली नाही. नववा लागलाय म्हटल्यावर त्यांच्या मते बाळ आता पक्कं झालं होतं.

आमच्या सोनोलॉजिस्ट डॉक्टर नाझनीन. स्क्रीनकडे बघत त्या मला म्हणाल्या, "मॅडम, आपने थर्टी-एट लिखा है?"

"हो. का?"

"बेबी थर्टी-फोरका दिसतोय. वजन दोन किलो शंभर."

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दोन किलो शंभर ग्रॅमचं बाळ अडतीस आठवड्यांचं असेल तर ते उपाशी आहे. वारेतून त्याला पुरेसं पोषण मिळत नाही आणि पोटात ठेवण्यात धोका आहे. काही बाळं अशी वाट बघता बघता पोटातच जातात. त्याला लवकर बाहेर काढायला हवं. तेच बाळ चौतीस आठवड्यांचं असेल तर ते अगदी नॉर्मल आहे, फक्त लहान आहे. त्याला बाहेर काढलं तर कच्ची फुप्फुसं, काचेची पेटी, नळ्या. त्याला पोटातच ठेवायला हवं. बाळ एकच, वजन एकच, आणि दोन उपाय एकमेकांच्या नेमके उलट.

सुरुवातीच्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीत बाळाचं वय चार-पाच दिवसांच्या फरकाने कळतं. त्या वयात सगळी बाळं सारख्याच वेगाने वाढतात. शेवटी शेवटी ती आपापल्या आईबापांवर जातात. कुणी दणकट, कुणी बारीक. मग मशीनचा अंदाज तीन आठवड्यांनीही चुकू शकतो. निकिताची पहिली सोनोग्राफी आत्ता होत होती. म्हणजे मशीन कितीही महाग असलं तरी नक्की सांगू शकत नव्हतं.

"अजून काय दिसतंय?" मी विचारलं.

"पाणी छान. नाळेचा ब्लड फ्लो एकदम नॉर्मल. और ये देखो," त्यांनी बाळाच्या गुडघ्यावर बाण नेला. हाडाचं टोक पक्कं होऊ लागलं की तिथे पांढरा ठिपका दिसतो. "वरच्या हाडाचा ठिपका आलाय, खालच्याचा नाही आला. दिवस भरत आले की दोन्ही दिसतात, यूज्वली."

"म्हणजे चौतीस."

"मी चौतीस नाही बोलणार, मॅडम. मी बोलणार डाउटफुल. उपाशी बेबी का भी लेट आता है कभी कभी." नाझनीन कधीच जास्त बोलत नाहीत. मला त्या आवडतात.

दुपारी आमच्या डायरेक्टर सरांचा राउंड असतो. सर स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ, हाताने उत्तम, आणि बोलताना आपण स्टेजवर आहोत असं त्यांना कायम वाटतं. मागे दोन रेसिडेंट डॉक्टर, एक सिस्टर आणि फाइल धरायला एक मार्केटिंगचा मनुष्य असतो. मार्केटिंगच्या माणसाला रुग्णांच्या राउंडला काय काम, हेही मी एकदा विचारलं होतं.

सरांनी फाइल वाचली. "थर्टी-एट वीक्स. दोन किलो शंभर. हिमोग्लोबिन साडेसात. अनबुक्ड." अनबुक्ड म्हणजे आधी कुठेही नाव न नोंदवलेली बाई. "मॅडम, आपण कशाची वाट बघतोय?"

"सर, तारखेची मला खात्री वाटत नाही."

"तारीख तुम्हीच लिहिलीय."

"म्हणूनच."

मार्केटिंगचा मनुष्य हसला आणि मग हसायचं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं.

"नाळेचा फ्लो नॉर्मल आहे, पाणी नॉर्मल आहे," मी म्हणाले.

"फ्लो बिघडेपर्यंत नॉर्मलच असतो," सर म्हणाले. "दोन ॲबॉर्शन्स झालेली पेशंट आहे. उद्या बाळाची हालचाल थांबली तर तिच्या घरच्यांना तुम्ही काय सांगणार? रक्ताची बाटली मागवा, सकाळी साडेनऊला सिझेरियन घेऊ."

सरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. वय अडतीस धरलं तर त्यांचं शब्दन्‌शब्द बरोबर होतं. पुस्तकात हेच लिहिलंय, मीही हेच शिकवते.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. रोशन खूश झाला. "पाडव्याला पोर येतंय, मॅडम, अजून काय पाहिजे?" सिझेरियन म्हटलं की नातेवाईक दहा शंका काढतात. मुहूर्तावरच्या सिझेरियनला एकही नाही, असा माझा अनुभव आहे.

मी माझ्या केबिनमध्ये गेले आणि फॉर्म पुढे घेऊन बसले. टेप सांगत होती बत्तीस. सोनोग्राफी सांगत होती चौतीस. गुडघ्याचं हाड सांगत होतं अडतीस नसावेत. हिराबाई सांगत होत्या आठवा. सगळ्यांच्या विरुद्ध एकच साक्षीदार होता, मी काढलेली तारीख. आणि ती निकिताने सांगितली नव्हती. तिने सण सांगितला होता. तारीख माझी होती.

मी परत वॉर्डात गेले. पाच वाजले असतील. निकिता कॉटवर बसून पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होती. हिराबाई खुर्चीत, रोशन खिडकीत.

"निकिता, गटारीचा तो दिवस मला नीट सांग. आदल्या दिवशी काय होतं?"

"आदल्या दिवशी?" ती आठवू लागली. "आदल्या दिवशी आमचे नणंदेच्या पोरीचा शालेत डान्स होता. मी नेलेली तिला. पांढरा डरेस, तीन रंगांची ओढनी. तिकडंच माझी कंबर दुखाय लागली नि सकालच्याला उठले तं पाली आलेली."

"तीन रंगांची ओढणी? कसला डान्स?"

"झेंडावंदनाचा."

मी स्टूल ओढून बसले. "झेंडावंदन पंधरा ऑगस्टला. गटारी जुलैत झाली ना?"

"जुलैत नव्हं, मॅडम," रोशन म्हणाला. "जुलैत आमची फ्रेंड सर्कलची झाली. येऊरला गेलेलो. घरची नंतर झाली."

"दोन गटाऱ्या?"

"गेल्या साली श्रावन दोन होते ना," हिराबाई मला लहान मुलीला सांगावं तसं सांगू लागल्या. "पयला अधिक. अधिक महिन्याला आमी श्रावन न्हाय पालत, मासली चालते. खरा श्रावन नंतर लागला. मंग गटारी त्याच्या आदल्या दिवशी. सगल्या पाड्याची तवाच झाली. ह्या पोरांना कारन पायजे, त्यांनी दोन केल्या."

"तीन करनार होतो," रोशन म्हणाला.

दर दोन-तीन वर्षांनी चांद्र पंचांगात एक जादा महिना येतो, हे मला काय कुणी शिकवायला नको होतं. पंचांग उघडलं तेव्हा 'अधिक श्रावण' ही अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती. पण माझ्या डोक्यात गटारी म्हणजे दिव्यांची अवस, आणि आमच्या घरची अवस आषाढातली. अधिक महिना आधी आला काय नि नंतर आला काय, आमचे दिवे त्याच दिवशी घासले जातात. निकिताच्या घराला दिव्यांशी कर्तव्य नव्हतं. त्यांचा प्रश्न मासे कधी बंद होतात हा होता, आणि ते एक महिना उशिरा बंद झाले. त्या महिन्यानेच निकिताचं बाळ मी म्हातारं केलं होतं.

सोळा ऑगस्टपासून मोजलं. तेहतीस आठवडे आणि पाच दिवस.

"मावशी, तुम्ही सकाळी आठवा म्हणालात, मी नववा म्हटलं. तेव्हा बोलला का नाही?"

"तुमी लिवलं ना कागदावर," त्या म्हणाल्या. "आमी काय बोलनार?"

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. गटारीच्या दोन तारखांवर सिझेरियन रद्द करा, असं सांगायचं होतं. वैद्यकीय परिषदांमधून अशा युक्तिवादाची तयारी करून घेत नाहीत.

सरांनी सगळं ऐकलं. "म्हणजे मटणाच्या आधारावर आपण थांबायचं?"

"झेंडावंदनाच्या, सर. ती तारीख सरकारी आहे."

सर बराच वेळ पेनचं टोपण उघड-बंद करत राहिले. मार्केटिंगचा मनुष्य नसला की सर चांगला विचार करतात. "आणि ही आठवणही चुकीची निघाली तर?"

"म्हणून रोज बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढू. नाळेचा फ्लो दोन दिवसांआड. काही बिघडलं तर लगेच घेऊ. फुप्फुसं पिकायला मदत करणारं इंजेक्शन आत्ताच देऊन ठेवते. चौतीसच्या आत ते देतात, बाळाला बाहेर काढावं लागलं तर कामाला येतं. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन. उपाशी बाळ वाढत नाही, लहान बाळ वाढतं."

"फाइलवर तुमची सही."

"हो."

पाडव्याच्या सकाळी साडेनऊला निकिताला सिझेरियनऐवजी सलाइनमधून लोह सुरू झालं. रोशनचा मूड गेला. दोन आठवडे मी बाकीची कामंही करत होते, पण खरं सांगायचं तर दर सकाळी वॉर्डात जाऊन आधी ठोक्यांचा आलेख बघत होते आणि मग चहा घेत होते. आठवण ही काही रिपोर्ट नव्हे. निकिताच्या ओढणीवर मी एक जीव ठेवला होता, आणि तो माझा नव्हता.

दोन आठवड्यांनी नाझनीननी बाळ मोजलं. दोन किलो साडेपाचशे. चारशे पन्नास ग्रॅमनी वाढलं होतं, अगदी त्या वयाच्या बाळासारखं. "अब मी चौतीस बोलते," त्या म्हणाल्या. "म्हणजे तेव्हाचे."

पुढे तीन आठवड्यांनी, खऱ्या अडतीस आठवड्यांच्या पुढे, निकिताला आपोआप कळा आल्या. नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, तीन किलो. तिला पेटी लागली नाही. मात्र सगळं गोड झालं असं नाही. लोह देऊनही निकिताचं हिमोग्लोबिन नऊच्या वर गेलं नव्हतं. इतक्या कमी दिवसांत ते कितीसं चढणार? डिलिव्हरीनंतर रक्तस्राव जरा जास्त झाला आणि तिला एक बाटली रक्त द्यावं लागलं. दुसऱ्या बाईला तेवढा रक्तस्राव कळलाही नसता. तीन दिवस ती बाळाला धड मांडीवर घेऊ शकली नाही, उठली की डोळ्यांसमोर अंधारी. उशिराचा खर्च असा कुठून तरी वसूल होतोच.

डिस्चार्जच्या दिवशी मी हिराबाईंना बाजूला घेतलं. "मावशी, पुढच्या खेपेला दुसऱ्या महिन्यात आणा हिला. यावेळी आपण थोडक्यात सुटलो."

त्या नातीच्या टोपड्याची नाडी बांधत होत्या. "मॅडम, रागावू नका," त्या म्हणाल्या. "दोन टायमाला लवकर आनली, दोनी गेली. ह्या टायमाला उशिरा आनली, नि ही बघा."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. त्यांच्याकडे पुरावा होता आणि तो टोपडं घालून त्यांच्या मांडीवर झोपला होता. शिवाय तो पुरावा सुखरूप राहावा म्हणून पाच आठवडे मीच खटपट केली होती.

निकिता सगळं ऐकत चपला घालत होती. सासू बाळाला घेऊन पुढे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, दुसरे महिन्यात आलं तं ती सोनोग्राफी तुमच्याकडंच होते ना? किती वेल लागतो?"

"पाच मिनिटं."

"मंग मी येन. आईंना नंतर सांगन."

तेव्हापासून मी सण विचारला की पुढे 'तुमच्या घरी तो कधी झाला?' असंही विचारते. लोकांना वाटतं आम्ही 'लवकर या, लवकर या' म्हणतो ते आमच्या हुशारीचा फायदा घ्यायला. खरी गोष्ट उलटी आहे. तुम्ही लवकर आलात की आम्हाला हुशार असायची गरज उरत नाही. त्या दिवशी मला होती, आणि एका पोरीच्या नाचाची तारीख पक्की नसती तर मी पाडव्याच्या मुहूर्तावर पूर्ण आत्मविश्वासाने चूक केली असती.